सर्टिफिकेट मिळालं, पण सर्टिफिकेशन झालं का?

पर्सनल ट्रेनर व्हायचं म्हणून कोर्स केलेली मुलं-मुली मला फोनवर एक फोटो दाखवतात. सोनेरी किनार, ठळक अक्षरात नाव, कोपऱ्यात ‘इंटरनॅशनली रेकग्नाइज्ड’चा शिक्का. “हे चालेल ना?” माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: यावर मुदत संपण्याची तारीख कुठे आहे? बहुतेकदा ती नसतेच.

बोलताना आपण सगळ्यालाच सर्टिफिकेट म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की ही व्यक्ती आमच्याकडे शिकली. सर्टिफिकेशन सांगतं की ही व्यक्ती कुठेही शिकलेली असो, ठरलेल्या कसोटीवर तपासली आणि ती उतरली. पहिल्यात बहुधा शिकवणाराच पेपर काढतो, तोच तपासतो. व्हिडिओ संपला की पाच प्रश्न, चुकलात तर लगेच पुन्हा प्रयत्न. नापास कोण होणार?

फरक कुठे बोचतो ते पाहा. बावन्न वर्षांच्या एक बाई पहिल्या दिवशी पार-क्यू भरतात, म्हणजे व्यायामाआधीची ७ प्रश्नांची तपासणी. रक्तदाबाच्या गोळीपुढे ‘हो’ अशी खूण. नुसते व्हिडिओ पाहिलेला ट्रेनर कागद फाइलला लावतो आणि हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायला २२० वजा वय करतो: १६८. त्याचे सत्तर टक्के साधारण ११८, तेवढे ठोके येईपर्यंत ट्रेडमिलचा वेग वाढवत राहतो. पण गोळी बीटा ब्लॉकर असेल तर ती ठोके फारसे वाढूच देत नाही. बाईंना धाप लागलेली आणि घड्याळात आकडा शंभरच्याही खाली! इथे आधी डॉक्टरांचा सल्ला हवा आणि नंतर ठोक्यांऐवजी श्रम किती वाटतायत ते विचारायला हवं. बोर्गची ६ ते २० ची मोजपट्टी त्यासाठीच आहे. तिच्यावर १३ म्हणजे ‘थोडं जड’. चांगल्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेत असेच प्रसंग पुढ्यात टाकतात. स्नायूंची नावं घोकून तिथे भागत नाही.

या परीक्षा पहाऱ्याखाली होतात. ट्रेनरना सर्टिफिकेशन देणाऱ्या अमेरिकेतल्या दोन संस्था घ्या: एसीईच्या परीक्षेत ३ तासांत १५० प्रश्न, एनएएसएमच्या २ तासांत १२०. एसीईच्या १५० पैकी २५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहत असतात. कुठले ते अर्थातच कोणी सांगत नाही. शिवाय सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) आणि एईडीचं (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चालू प्रमाणपत्र लागतं.

आता ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाकडे वळू. जाहिरातीत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हाच. मान्यता कोणी दिली, हे लोक विचारतात. मान्यता नेमकी कशाला दिली, हे फार थोडे विचारतात. अमेरिकेतली डीईएसी दूरशिक्षण देणाऱ्या संस्थेला मान्यता देते. तिथलीच एनसीसीए सर्टिफिकेशनला, म्हणजे परीक्षा कशी बेतली, घेतली आणि तपासली त्याला मान्यता देते. दोन्ही खऱ्या, पण एकीवरून दुसरी आहे असं धरून चालता येत नाही. एसीई, एनएएसएम, एसीएसएम आणि एनएससीए या संस्थांच्या ट्रेनर सर्टिफिकेशनना एनसीसीएची मान्यता आहे.

व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्यातली एक अट मला फार आवडते: अमुक क्लासला गेलात तर सर्टिफिकेशन सोपं जाईल किंवा स्वस्त पडेल, असं त्या संस्थेने नुसतं सुचवायचंही नाही. एवढं वाचून कुठलंही जाहिरातपत्रक हातात घ्या, मजा येते.

नावावर मात्र जाऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या ‘सर्टिफिकेट फोर इन फिटनेस’च्या नावातच सर्टिफिकेट आहे, पण ती सरकारी चौकटीत बसणारी पात्रता आहे. ब्रिटनमध्ये ट्रेनरसाठी लेव्हल ३ ची पात्रता लागते, तीही तशीच. म्हणून ज्या देशात काम करायचं, तिथल्या जिम आणि विमा कंपन्या काय मागतात ते फी भरण्याआधी विचारावं.

आणि तारखेचं काय? कोर्सचं प्रमाणपत्र जन्मभर तेच राहतं, कारण तुम्ही तो कोर्स केलात ही गोष्ट बदलत नाही. सर्टिफिकेशनला मुदत असते. एसीई आणि एनएएसएमचं २ वर्षांनी नवं करावं लागतं, त्यासाठी मध्यंतरी २० तासांचं शिक्षण घ्यायचं; एसीएसएम आणि एनएससीएचं ३ वर्षांनी. पोरं याला खर्चाचा भुर्दंड म्हणतात. मला मात्र तारीख असलेला कागद जास्त विश्वासाचा वाटतो.

तरी कोर्सला मी कमी लेखत नाही. घरी पुस्तक वाचून परीक्षा पास झालेला एक हुशार मुलगा मी पाहिलाय. स्क्वॉटमध्ये गुडघे आत का पडतात यावर तो अर्धा तास बोलला असता. समोरच्याचे गुडघे खरंच आत पडले तेव्हा मागे उभं राहावं की बाजूला, हेच त्याला सुचेना. परीक्षा संगणकावर होते, तिथे कोणाला सावरावं लागत नाही. म्हणून जमल्यास प्रत्यक्ष माणसांवर सराव करून घेणारा कोर्स आधी करा, मग परीक्षेला बसा. एकच परवडत असेल आणि नोकरी लगेच हवी असेल, तर मी सर्टिफिकेशन घेईन आणि सराव कुणा अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली करेन.

पैसे भरण्याआधी मान्यता देणाऱ्या संस्थेची यादी स्वतः उघडून पाहा. शोधताना नुसत्या कंपनीच्या नावावर थांबू नका, तुम्ही देणार त्या परीक्षेचं पूर्ण नाव शोधा. एकाच कंपनीचे दहा कोर्स असतात आणि मान्यता त्यातल्या एखाद्यालाच असते.