जुन्या फोनवरील ऑफलाइन नकाशे : ‘मोफत’ की ‘मुक्त’?

ओंकारेश्वर-महेश्वरच्या फेरीला निघताना खणात पडून असलेला जुना फोन गाडीत वाट दाखवायला लावावा, असा विचार इंदूरच्या अनेक घरांत होतो आणि मग ‘फ्री’ सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर चर्चा रंगते. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी भरायचा नकाशा सुरू झाला. पुढचे सारे या दोन गोष्टींवर उभे आहे.

गुंता आहे तो ‘फ्री’ या शब्दाचा. मराठीत ‘मोफत’ (पैसे न पडणारे) आणि ‘मुक्त’ (ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कोणालाही पाहता-बदलता येतो असे) असे दोन वेगळे शब्द असूनही आपण एकाच शब्दावर भागवतो. जानेवारी २०१० मध्ये फिनलंडच्या एका फोन कंपनीने आपल्या स्मार्टफोनवरील दिशादर्शन मोफत केले आणि त्याचे नकाशे आधीच फोनमध्ये भरून ठेवता येत; सोय उत्तम होती, पण कोड कंपनीच्याच हाती होता. त्याच नकाशांच्या वारसदारांनी २०१६ मध्ये विंडोज १० च्या फोनांवरून अ‍ॅप मागे घेतले, तेव्हा ते पुढे चालवण्याचा मार्ग बाहेरच्या कोणापाशीही नव्हता. उलट ‘मुक्त’ म्हणजे नेहमी फुकट असेही नाही. ऑसमअँड या नकाशा-अ‍ॅपचा कोड खुला आहे, तरी गूगलच्या दुकानातील त्याच्या मोफत आवृत्तीत ठरावीक संख्येपलीकडे नकाशे उतरवता येत नाहीत, आणि एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपांच्या दुकानातील आवृत्तीत मात्र ती मर्यादा नाही.

हा भेद खऱ्या अर्थाने कसाला लागला तो मॅप्सडॉटमी या ऑफलाइन नकाशा-अ‍ॅपच्या बाबतीत. त्याचा कोड २०१५ मध्ये खुला झाला होता. २०२० च्या अखेरीस मालकी बदलून अ‍ॅपचे रूप पालटले आणि जुने वापरकर्ते नाराज झाले, तेव्हा मूळ निर्मात्यांपैकी काहींनी त्याच कोडवरून २०२१ मध्ये ऑरगॅनिक मॅप्स उभे केले, जे अँड्रॉइड ५ च्या फोनवरही चालते. २०२५ मध्ये कारभार आणि पैशांच्या पारदर्शकतेवरून तेथेही वाद झाला व कोमॅप्स ही नवी शाखा फुटली. अशा फाटाफुटीला पुष्कळ लोक दुबळेपणा म्हणतात. माझ्या मते जुन्या फोनवाल्यांचा तोच विमा आहे.

सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी एवढे पाहावे, की सिम काढलेल्या फोनला वायफायही नसेल तर उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून मिळत नाही आणि उपग्रहांनीच प्रसारित केलेले त्यांचे संपूर्ण पंचांग (कोणता उपग्रह कोठे असेल याचा तक्ता) उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून निघण्याआधी फोन थोडा वेळ गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली ठेवावा. नकाशा राज्यनिहाय मिळत असल्याने मध्य प्रदेशाचा तेवढा उतरवला तरी पुरतो, मात्र तो अधूनमधून नवा करावा लागतो, कारण २०१३ मध्ये सुरू झालेली इंदूरची बीआरटीएस (बससाठी राखीव) मार्गिका २०२५ मध्ये तोडायला घेतली गेली आणि त्यापूर्वी उतरवलेल्या नकाशात ती आजही जशीच्या तशी आहे.