ग्राफिक्स कार्ड घेताना गवंडी मोजू नका, विटा मोजा

‘किती जीबीचं कार्ड घेऊ?’ गेमिंगसाठी कॉम्प्युटर अपग्रेड करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर देणाराही आकडा सांगून मोकळा होतो: आठ चालतील, बारा बरे, सोळा असतील तर डोळे झाकून घे. मग दुसरा वाद सुरू होतो, एनव्हीडिया की एएमडी, या चिप बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी कोणती? तिथे लोक बुद्धी बाजूला ठेवून निष्ठा पुढे करतात, त्यामुळे त्या वादात मी पडणार नाही. पण जीबीच्या प्रश्नात खरोखरच विज्ञान दडलेलं आहे आणि ते फार देखणं आहे.

आधी एक उदाहरण. २०१७ मध्ये एनव्हीडियाने जीफोर्स जीटी १०३० हे छोटं कार्ड आणलं. त्यावर जीडीडीआर५ जातीची २ जीबी मेमरी होती आणि तिच्यातून सेकंदाला ४८ जीबी माहिती चिपपर्यंत पोचायची. पुढच्या वर्षी याच नावाचं दुसरं कार्ड आलं. कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, तेवढेच, ३८४. मेमरी तेवढीच, २ जीबी. फक्त ती डीडीआर४ जातीची होती आणि सेकंदाला १६.८ जीबीच पोचवत होती. नाव तेच, जीबी तेच, पण कित्येक गेममध्ये हे दुसरं कार्ड पहिल्याच्या जेमतेम निम्म्या वेगाने चाले. जीबी म्हणजे गोदाम केवढं मोठं आहे याचं माप. गोदामातून माल किती वेगाने बाहेर पडतो, हे त्यावरून अजिबात कळत नाही.

हा वेग एवढा महत्त्वाचा का? १०८०पी (१९२० × १०८०) स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, हव्या असतील, तर ते सगळे रंगवायला दर खेपेला १६.७ मिलिसेकंद मिळतात. शिवाय प्रत्येक पिक्सेल एकदाच रंगवून भागत नाही. आधी त्याची खोली नोंदवायची, मग पृष्ठभागाची दिशा, मग टेक्श्चर (पृष्ठभागावरचं चित्र), मग प्रकाश, सावली, धुकं. प्रत्येक टप्प्यात मेमरीतून काही वाचायचं आणि काही परत लिहायचं.

कार्डावरचे कोअर म्हणजे भिंत बांधणारे गवंडी समजा आणि मेमरीतून येणारी माहिती म्हणजे विटा. हजारो गवंडी उभे केले, पण विटा वेळेवर आल्या नाहीत तर ते हात बांधून उभे राहणार. आजच्या चिपमध्ये गवंडी स्वस्त आहेत, विटांची वाहतूक महाग आहे. हे शब्दशः खरं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या दोन अपूर्णांकी संख्यांचा गुणाकार करायला सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते. तेवढीच माहिती चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला ६०० पिकोज्यूलच्या वर. ते आकडे साध्या डीडीआर मेमरीचे आहेत आणि ग्राफिक्स कार्डावरची मेमरी त्याहून काटकसरी असते, पण तफावतीची जात तीच. गुणाकारापेक्षा गुणाकाराचा कच्चा माल आणणं महाग.

ग्राफिक्स चिप यावर पहिला तोडगा काढते तो असा. एनव्हीडियाच्या चिपमध्ये ३२-३२ धाग्यांचे (एकत्र चालणाऱ्या छोट्या कामांचे) गट असतात. एएमडीकडे हे गट ३२ किंवा ६४ चे असतात. एका गटाने मेमरीकडे काही मागितलं की उत्तर यायला चिपच्या घड्याळाचे शेकडो ठोके जातात. तेवढा वेळ चिप बसून राहत नाही. ज्याची माहिती येऊन पोचली आहे असा दुसरा गट ती लगेच कामाला लावते, मग तिसरा, मग चौथा. यामुळे उशीर झाकला जातो. टंचाई मात्र झाकली जात नाही. सगळ्याच गटांच्या विटा एकाच अरुंद वाटेने येत असतील, तर कितीही गट बदलले तरी उपयोग नाही.

ही वाट किती रुंद आहे ते काढणं सोपं आहे. मेमरी बसची, म्हणजे मेमरी आणि चिप यांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्याची, रुंदी बिटमध्ये घ्यायची, तिला दर तारेच्या वेगाने गुणायचं आणि आठाने भागायचं (आठ बिट म्हणजे एक बाइट). जीफोर्स आरटीएक्स ३०६० ची बस १९२ बिट आणि वेग १५ गिगाबिट, म्हणून सेकंदाला ३६० जीबी. त्या कार्डानंतर, २०२३ मध्ये आलेल्या ४०६० ची बस १२८ बिट आणि वेग १७ गिगाबिट, म्हणून २७२ जीबी. नव्या कार्डाची वाट जुन्यापेक्षा अरुंद! तरीही बहुतेक गेममध्ये ४०६० पुढे असतं. काही गवंडी जास्त चपळ झाले हे खरं, पण मुख्य कारण वेगळंच आहे.

२०२० च्या शेवटी दोन कंपन्यांनी एकाच प्रश्नाला अगदी उलटी उत्तरं दिली. एनव्हीडियाच्या ३०८० मध्ये ३२० बिटांची बस आणि महागडी जीडीडीआर६एक्स मेमरी होती, सेकंदाला ७६० जीबी. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६८०० एक्सटी मध्ये फक्त ५१२ जीबी. मात्र एएमडीने चिपच्या पोटातच १२८ एमबीची कॅश मेमरी बसवली आणि तिला इन्फिनिटी कॅश असं भारदस्त नाव दिलं. ३०८० मध्ये त्या जागी ५ एमबी होती. गवंड्याच्या पायाशीच विटांचा मोठा ढीग रचून ठेवायचा, म्हणजे दर विटेसाठी गोदामाकडे धावायला नको, ही त्यामागची कल्पना. एएमडीने दिलेला आकडा असा की ४के रिझोल्यूशनला (१०८०पी च्या चौपट पिक्सेल) सरासरी ५८ टक्के मागण्या कॅशमध्येच भागतात. म्हणजे बाहेर जातात त्या ४२ टक्के, आणि ५१२ ला ०.४२ ने भागलं की १२०० च्या वर उत्तर येतं. कागदावर तरी ५१२ ची वाट १२०० च्या वाटेसारखी वागते. दोन वर्षांनी एनव्हीडियानेही हाच मार्ग धरला. ३०९० मधली ६ एमबीची कॅश ४०९० मध्ये एकदम ७२ एमबी झाली.

आता माझ्या आवडीचा भाग. हा ढीग नेमका केव्हा पुरतो?

पडद्याएवढं एक कोरं पान घ्या. आधुनिक गेम प्रकाशाचे हिशेब करताना दर पिक्सेलला सहसा ८ बाइट वापरतात. १०८०पी ला हे पान १६.६ एमबीचं होतं. १४४०पी ला २९.५ एमबी. ४के ला ६६.४ एमबी. आता हे आकडे कॅशशेजारी ठेवा. ४०६० ची कॅश २४ एमबी, ४०६० टीआय आणि आरएक्स ७६०० यांची ३२, आरएक्स ६७०० एक्सटी ची ९६. १०८०पी चं पान चारही कार्डांत मावतं. १४४०पी चं पान ४०६० मध्ये मावत नाही, ३२ एमबीवाल्यांत कसंबसं मावतं. ४के चं पान फक्त ६७०० एक्सटी मध्ये मावतं. खऱ्या गेममध्ये अशी अनेक पानं असतात, वर टेक्श्चर असतात, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. पण एकच कार्ड एका मॉनिटरवर वाघ आणि दुसऱ्यावर शेळी का होतं, याचा धागा इथेच सापडतो.

‘थोडंसं मावलं नाही, तर थोडंसंच नुकसान होईल’ हेही खरं नाही. समजा कॅशमध्ये २४ कप्पे आहेत आणि जागा लागली की सर्वांत जुना कप्पा रिकामा करायचा, असा नियम आहे. मला २५ वस्तू १ पासून २५ पर्यंत क्रमाने, पुन्हापुन्हा वाचायच्या आहेत. पंचविसावी वस्तू आली की जागेसाठी पहिली बाहेर जाते. मग मला पहिली हवी असते! ती परत आणायला दुसरी बाहेर टाकावी लागते आणि नेमकी तीच पुढची असते. कॅश ९६ टक्के पुरेशी आहे, पण एकही वस्तू कधीच तिच्यात सापडत नाही. लाभ थेट शून्य. प्रत्यक्षात चिप बनवणारे इतके भोळे नसतात. पडदा लहान चौकटींत तोडून रंगवतात, काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचे नियम जास्त हुशार असतात, त्यामुळे कडा इतका सरळसोट राहत नाही. पण उतार तीव्रच राहतो. म्हणून ४०६० टीआय साठी एनव्हीडियाने जाहीर केलेला सेकंदाला ५५४ जीबी ‘परिणामी’ बँडविड्थचा (म्हणजे वाटेच्या रुंदीचा) आकडा मी जपूनच वाचतो. खरी वाट २८८ जीबीचीच आहे. बाकीची कॅशच्या कृपेने, आणि ती कृपा रिझोल्यूशन वाढलं की आटते. आधीच्या पिढीतल्या ३०६० टीआय ची वाट ४४८ जीबीची आहे. १०८०पी ला ४०६० टीआय त्याच्या पुढे असतं, पण ४के कडे जाताना ही आघाडी जवळपास विरघळते.

कोअरच्या संख्येबद्दल थोडक्यात. ३०८० मध्ये ८७०४ आणि ६८०० एक्सटी मध्ये ४६०८ कोअर. कागदावरची गणनक्षमता अनुक्रमे सुमारे ३० आणि २१ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला तितके लाख कोटी हिशेब. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणं) बंद ठेवलं तर ही दोन कार्डं खेटून चालतात. कारण एनव्हीडियाच्या त्या पिढीतल्या निम्म्या कोअरना पूर्णांकांचे हिशेबही करावे लागत. दोन कंपन्यांचे कोअर एकाच मापाचे नसतात, एवढं समजलं तरी पुरे.

मग जीबीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळ्या जागी. ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं. चिप तीच, बस तीच. गेमची सामग्री ८ जीबीत मावते तोवर दोन्ही कार्डं सारखी धावतात. ती मावेनाशी झाली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममधून, मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून यायला लागतो. या कार्डाला १६ ऐवजी ८ च लेन (माहिती वाहणाऱ्या मार्गिका) आहेत. पीसीआय एक्स्प्रेस ४.० वर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी, जुन्या ३.० वर ८ जीबी. कुठे २८८ आणि कुठे ८! अशा वेळी गेम सरसकट संथ होत नाही, अधूनमधून गचके देतो. सरासरी पाहिली तर हा गचका लपतो. ९९ फ्रेम १० मिलिसेकंदांत आल्या आणि एक ११० मिलिसेकंदांत, तर सरासरी निघते सेकंदाला ९१ फ्रेम. आकडा झकास, डोळ्यांना मात्र ठेच लागलेली. म्हणून कार्डाची चाचणी वाचताना सरासरीखालचा ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, हा आकडा आधी पाहावा.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५०७० ची कामगिरी ४०९० एवढी आहे. टाळ्या पडल्या. ही बरोबरी साधली होती दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तीनपर्यंत कृत्रिम फ्रेम भरून. तंत्र हुशार आहे, चित्र गुळगुळीत दिसतं. पण मधली फ्रेम रचायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणजे ती थोडी अडवून ठेवावी लागते. माउस हलवल्यावर गेम किती लवकर प्रतिसाद देतो, हे ठरतं खऱ्या फ्रेमवरून. ते कृत्रिम फ्रेमनी सुधारत नाही. याच पंगतीतली ती ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’. अमुक प्रोसेसरला अमुक कार्ड लावलं तर इतके टक्के अडथळा, असं एका आकड्यात सांगतात. अडथळा गेमगणिक, दृश्यागणिक, रिझोल्यूशनगणिक बदलतो. एका आकड्यात त्याचं भाकीत करणं हे गणित नव्हे, ज्योतिष झालं.

रे ट्रेसिंगमध्ये एनव्हीडियाची आघाडी २०१८ पासूनची आहे. किरण दृश्यात कुठेही जाऊन आदळतात, त्यामुळे मेमरीतली मागणी विखुरते आणि त्यासाठीचं खास हार्डवेअर ज्याचं चांगलं तो पुढे. एएमडीने २०२५ च्या ९००० मालिकेत हे अंतर बरंच कमी केलं. इंटेलचं बी५८० हे १२ जीबी आणि ४५६ जीबीच्या वाटेचं चांगलं कार्ड आहे, पण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर बराच भार टाकतो. जुन्या प्रोसेसरच्या जोडीला ते घेऊ नये.

आता आजचीच एक जोडी घेऊ. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही १६ जीबीची. दोघांची बस १२८ बिट, कॅश ३२ एमबी. जीडीडीआर७ मुळे पहिल्याची वाट ४४८ जीबी, जीडीडीआर६ मुळे दुसऱ्याची ३२०. १४४०पी चा मॉनिटर आणि नवा मदरबोर्ड असेल, रे ट्रेसिंगची हौस असेल, तर ५०६० टीआय. याच कार्डांची ८ जीबी रूपंही मिळतात. हात आखडता घेऊन त्यातलंच एक निवडायचं असेल आणि मदरबोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल, तर मात्र पारडं फिरतं. ५०६० टीआय ला ८ लेन आहेत, ९०६० एक्सटी ला १६. मेमरी भरून वाहू लागली की पहिल्याकडे सेकंदाला ८ जीबी माल येईल आणि दुसऱ्याकडे १६. मदरबोर्डचं मॉडेल कोणतं आणि त्यावरचा स्लॉट कोणत्या पिढीचा, हे कार्डाची पेटी उचलण्याआधी पाहून घ्यावं.