टेप मध्येच अडकते: बेल्ट की मोड स्विच?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा व्हीसीपी (व्हिडिओ कॅसेट प्लेअर) खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर मावशीच्या लग्नाची कॅसेटही. ती लगेच बघायची असते. यंत्र कॅसेट आत घेतं, घरघरतं, टेप अर्धवट ओढतं आणि कॅसेट परत बाहेर टाकतं. जेल रोडच्या दुरुस्तीवाल्यांपैकी कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : "भिया, बेल्ट गया." बरेचदा ते खरंही असतं. मी मात्र त्या भरवशावर दोन बेल्ट बदलले आणि दुखणं निघालं मोड स्विचचं.

कॅसेट आत जाणं आणि टेप लोड होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅसेट जागेवर बसली की दोन गाइड-खांब अर्धा इंच रुंदीची टेप कॅसेटमधून बाहेर ओढतात, हेड ड्रमच्या (टेपवरचं चित्र वाचणाऱ्या फिरत्या दंडगोलाच्या) दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात आणि शेवटच्या खाचेत घट्ट बसतात. वरून पाहिलं तर टेप इंग्रजी एमसारखी दिसते, म्हणून व्हीएचएसच्या, म्हणजे या घरगुती कॅसेटच्या प्रकाराच्या, या पद्धतीला एम-लोडिंग म्हणतात. ही सगळी ओढाताण एक छोटी मोटर करते, बहुतेक यंत्रांत रबरी बेल्ट आणि गिअरमार्फत. पण खांब कुठवर पोचले हे मोटरला कळत नाही. ते प्रोसेसरला सांगतो मोड स्विच: गिअरबरोबर फिरणारी किंवा सरकणारी, तांब्याच्या पट्ट्यांची एक चपटी डबी. बेल्टचं काम ओढायचं, स्विचचं काम कळवायचं.

घोटाळा होतो तो प्रोसेसरमुळे. त्याला काही सेकंदांत ‘पोचलो’ असा निरोप मिळाला नाही, की तो समजतो टेप अडकली. मग मोटर उलटी फिरवतो, कॅसेट बाहेर टाकतो किंवा यंत्रच बंद करतो. बेल्ट घसरल्यामुळे खांब पोचलेच नसतील तरी हेच, आणि खांब पोचूनही स्विचने कळवलं नाही तरी हेच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच.

म्हणून झाकण काढा आणि नको असलेली एखादी कॅसेट घालून बघा. फक्त वर टेबल-लॅम्प धरू नका. टेपचं टोक ओळखणारे सेन्सर उजेडावर चालतात. बाहेरचा प्रकाश त्यांच्यावर पडला की चांगलं यंत्रही वेड्यासारखं वागतं आणि आपण तिसऱ्याच दोषामागे धावतो. आता लक्ष ठेवायचं ते खांब कुठे थांबतात यापेक्षा कसे थांबतात यावर. खांब मंदावत मंदावत थांबले आणि मोटरचा आवाज मात्र चालूच राहिला, तर बेल्ट घसरतोय. पुष्कळ मॉडेलांत कॅसेट आत घेणारी मोटरही तीच असते, त्यामुळे कॅसेटसुद्धा रेंगाळतच आत जाते. याउलट खांब जोमाने निघाले आणि मोटरच खटकन थांबली किंवा उलटी फिरली, तर संशय स्विचवर. त्याचं वागणं रोज वेगळं असतं: एकदा नीट चालेल, एकदा अर्ध्यावरून परतेल, एकदा प्ले दाबल्यावर भलतंच काही करेल. बेल्टचा दोष एवढा लहरी नसतो.

एक मेख मात्र आहे. गिअरमधलं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालं असेल, तर कोरा बेल्टही घसरतो. तेव्हा प्लग काढा आणि पुली बोटाने फिरवून बघा. जड लागली तर आधी ग्रीस पुसा, नवं थोडंसंच लावा.

बेल्टचा उपाय सोपा आहे. जुना ताणलेला असतो, म्हणून नवा त्याहून किंचित लहान घ्यायचा आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. हाताचं तेल बेल्टला लागू देऊ नका.

स्विचचं काम चिकाटीचं. तसाच नवा मिळणं कठीण. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये ते थांबवलं, त्यामुळे आता भंगारातल्या जुळ्या भावावरच भिस्त. म्हणून बदलण्याआधी साफ करा. काढण्यापूर्वी त्याची स्थिती आणि गिअरवरच्या खुणा यांचा फोटो घ्या. बसवताना एक दात जरी चुकला, तरी प्रोसेसरला चुकीचाच निरोप जातो आणि खांब खाचेवर आदळत राहतात. डबी उघडली की पट्ट्यांवर काळा थर दिसेल, तो अल्कोहोलच्या बोळ्याने जातो. सँडपेपर लावाल तर मुलामा निघेल आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. फटीतून नुसता स्प्रे मारून भागत नाही. माझं तरी चार दिवसांच्या वर भागलं नाही.

टेप आत अडकलेली असताना कॅसेट हिसकू नका. प्लग काढा, पुली उलट फिरवत खांब मागे आणा, मग रीळ हाताने फिरवून ढिली टेप आत घ्या. ड्रमला बोट लावायचं नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या यंत्रात तो मिनिटाला १५०० फेरे घेतो, आणि त्यावरची हेड बोटाच्या धक्क्यानेही तुटतात.

मावशीची कॅसेट मी अजून घातलेली नाही. आधी एक टाकाऊ कॅसेट सलग दहा वेळा आत-बाहेर करतोय; सातव्या वेळी ती पुन्हा परतली, म्हणजे डबी परत उघडणं आलं.