नॅरस हेरांनी काढली नव्हती

राजारामपुरीतल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर एक गोष्ट ठासून सांगितली जाते: नॅरस ही कंपनी हेरगिरीसाठीच जन्मली. तसं न्हाई, भावा. १९९७ साली ती निघाली टेलिकॉम कंपन्यांना इंटरनेटच्या बिलाचा हिशेब लावून द्यायला. आता मिसळीचं बिल करायचं तर ब्रेड किती गेले, हे टेबलावर बघावंच लागतं. तसंच कोण, कुणाशी, किती डेटा, हे यंत्राला बघावं लागे. अमेरिकेवरच्या २००१च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तीच नजर पाळतीसाठी विकली जाऊ लागली.

एटी अँड टी या अमेरिकी टेलिकॉम कंपनीचे निवृत्त तंत्रज्ञ मार्क क्लाइन यांनी २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतली ‘खोली ६४१ए’, म्हणजे एनएसए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेसाठीची गुप्त खोली, उघड केली: इंटरनेटचा डेटा नेणाऱ्या फायबर तारेतला प्रकाश दुभागून एक प्रत या खोलीत, आणि तिथल्या यंत्रांच्या यादीत नॅरसचं यंत्र. पुढं २०१० मध्ये बोइंगनं नॅरस विकत घेतली.