सोडियम पंप: फिरणारा आणि न फिरणारा, टेस्टिंगला दोघांचा हिशोब वेगळा

तामिळनाडूतल्या कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीची बातमी आली की सोडियम पंपाचं, म्हणजे भट्टी थंड ठेवणारा वितळलेला सोडियम फिरवणाऱ्या पंपाचं नाव निघतंच, आणि मग ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतं की त्यात फिरणारा एकही पार्ट नसतो, नुसता चुंबकावर चालतो. अर्धं खरंय. तसा पंप असतो, पण तिथले मेन पंप तसले नाहीत. १८ ऑक्टोबर १९८५ ला क्रिटिकल झालेली ४० मेगावॉट थर्मलची प्रायोगिक भट्टी एफबीटीआर घ्या की नंतरची ५०० मेगावॉट विजेची पीएफबीआर घ्या, मोठं काम सेंट्रिफ्युगल पंपच करतो, म्हणजे वर मोटर, खाली लांब शाफ्ट, टोकाला इम्पेलर (पात्यांचं चाक). चुंबकावर चालणारा, ज्याला ईएम (इलेक्ट्रोमॅग्नेटिक) पंप म्हणतात, तो साइडच्या लहान लाइनींवर असतो. दोघांनाही लोक सोडियम पंपच म्हणतात, म्हणून घोळ.

आता जळगाव-धुळ्याच्या माणसाला पंप काय ते शिकवायला नको. रावेर-यावलकडं बोअरचं पाणी जसं खाली गेलं तसं हेड, स्टेज, डिस्चार्ज हे शब्द केळीवाल्यांना तोंडपाठ झाले. त्यामुळं मी व्याख्या सांगत बसत नाही. सरळ टेस्ट बेंचवर जाऊ, कारण हे दोन पंप खरे वेगळे कळतात ते तिथंच.

फिरणाऱ्या पंपाची पहिली टेस्ट पाण्यात होते. हे ऐकून लोक चमकतात, सोडियम पाण्याला लागला तर पेट घेतो ना, मग पाणी कशाला? अहो, टेस्टच्या वेळी आत सोडियम नसतोच, नुसतं पाणी. आणि हे चालतं कारण वितळलेला सोडियम वाहायला जवळपास पाण्यासारखाच. ४०० अंश सेल्सिअसला त्याची घनता क्युबिक मीटरला साधारण ८५६ किलो, आणि घनतेच्या हिशोबात त्याचा चिकटपणा ८५ अंशाच्या गरम पाण्याएवढा येतो. म्हणून बेंचवर पाणी गरम करून घेतलं की इम्पेलरला फरक फारसा कळत नाही.

मीटरमधलं हेड, म्हणजे पंप किती उंच चढवू शकतो ते, दोन्हीकडं तेच येतं. बदलतं ते प्रेशर आणि पॉवर. समजा ७५ मीटर हेड आहे, तर साध्या थंड पाण्यात गेजवर ७.४ बारच्या आसपास दिसेल आणि सोडियममध्ये ६.३ बार, आणि मोटरवरचा लोडही त्याच प्रमाणात साधारण १४ टक्के कमी. म्हणजे पाण्यात फुल स्पीडला चालवायचं तर भट्टीत लागते त्यापेक्षा तगडी मोटर पाहिजे, नाहीतर स्पीड कमी करून घ्यायचा आणि आकडे नियमानं वर न्यायचे: स्पीड निम्मा केला तर डिस्चार्ज निम्मा, हेड पाव, पॉवर आठवा हिस्सा. कॅव्हिटेशन, म्हणजे प्रेशर कमी पडून पात्यांवर वाफेचे बुडबुडे होणं, तेसुद्धा पाण्यातच बघून घेतात, सक्शनचं प्रेशर हळूहळू उतरवत जायचं आणि हेड कुठं पडायला लागतं ते टिपायचं. काचेची खिडकी लावली तर स्ट्रोबच्या उजेडात पात्यांवरचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सोडियममध्ये हे विसराच, तो चांदीसारखा चकाकतो पण आरपार काही दिसत नाही.

मग सोडियममध्ये टेस्ट करायचीच कशाला? कारण पाणी फक्त हायड्रॉलिक्स सांगतं, तापमानाचं काहीच सांगत नाही. शाफ्टचा खालचा भाग चारशे अंशाच्या सोडियममध्ये आणि वरचा भाग हाताला सोसेल एवढाच गरम, मधे आर्गॉन वायू. एका बाजूनं जास्त तापला तर शाफ्ट किंचित वाकतो. सोडियमची वाफ वर चढते, अरुंद गाळ्यात थंड होऊन थिजते आणि फिरणं जड होतं. खालचं बेअरिंग तर सोडियमच्याच प्रेशरवर तरंगतं, तिथं तेल-ग्रीस चालत नाही. वरच्या बेअरिंगला मात्र तेल असतं आणि ते खाली जाऊन चालत नाही. स्कॉटलंडमधल्या डूनरे इथल्या पीएफआर भट्टीत १९९१ मध्ये पंपाच्या बेअरिंगचं तेल प्रायमरी सोडियममध्ये (भट्टीच्या गाभ्यातून फिरणाऱ्या) गेलं, फिल्टर चोंदले आणि भट्टी बराच काळ बंद ठेवावी लागली. असला प्रकार पाण्याच्या कुठल्याच ग्राफमध्ये दिसत नाही. आणि हो, पाण्यात टेस्ट झालेला पंप सोडियममध्ये उतरवायच्या आधी कोपऱ्या-खाचेतला थेंब न थेंब सुकवावा लागतो, हे काम टेस्टपेक्षा कंटाळवाणं पण त्याला सुट्टी नाही.

आता दुसरा, न फिरणारा. धुळ्याच्या एका मोटर वाइंडिंगवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "यामा काईच फिरस नई, मंग हाऊ पंप कसाना?" त्याला समजवायला सोपं गेलं, कारण इंडक्शन मोटर त्याच्या हाताखालून रोज जाते. मोटरचा गोल स्टेटर कापून लांब सरळ केला, रोटर काढून टाकला आणि त्या जागी पाइपमधून सोडियम सोडला, झाला ईएम पंप. थ्री फेज दिली की चुंबकीय क्षेत्र पाइपच्या लांबीनं पळतं आणि सोडियम रोटरसारखा त्याच्या मागं ओढला जातो. सील नाही, बेअरिंग नाही, शाफ्ट नाही. कल्पना जुनीच आहे, आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनी १९२० च्या दशकात फ्रीजसाठी असला पंप काढला होता. १९६५ मध्ये अमेरिकेनं अंतराळात पाठवलेल्या स्नॅप-१०ए भट्टीतही सोडियम-पोटॅशियम असल्याच, पण डायरेक्ट करंटच्या पंपानं फिरवलं.

आणि इथंच टेस्टिंगचं गणित उलटं होतं, कारण ईएम पंपात पाणी भरलं तर काहीच होणार नाही. पाण्याची वीज वाहायची ताकद सोडियमपेक्षा कोट्यवधी पटीनं कमी, त्यात करंटच तयार होत नाही तर ढकलणार कोण? म्हणजे स्वस्तातली, बिनधोक पहिली पायरी याला नाहीच, पहिल्या दिवसापासून द्रव धातूच लागतो. सोडियम ९८ अंशाला वितळतो म्हणून आधी सगळी पाइपिंग हीटरनं दीडशे-दोनशे अंशावर न्यायची, मग भरायचा. काही लॅबवाले साध्या तापमानालाही द्रव राहणारं सोडियम-पोटॅशियमचं मिश्रण वापरतात, पण तेही पाणी दिसलं की भडकतं, त्यामुळं धोका काही टळत नाही.

एफिशियन्सीवरून भांडणं सगळ्यात जास्त. सेंट्रिफ्युगल ७५-८० टक्के सहज देतो, मोठा ईएम पंप ४० च्या आसपास, लहान असेल तर त्याच्याही खाली. लोक म्हणतात फालतू आहे. पण स्लिप बघा ना, म्हणजे सोडियम पळत्या क्षेत्राच्या किती मागं राहतो ते. पोल पिच (शेजारच्या दोन चुंबकीय पोलमधलं अंतर) १० सेंटीमीटर आणि सप्लाय ५० हर्ट्झ असेल तर क्षेत्र सेकंदाला १० मीटरनं पळतं. सोडियम ६ मीटरनं वाहत असेल तर स्लिप ४० टक्के, म्हणजे बाकी सगळं एकदम परफेक्ट असलं तरी साठच्या वर जाताच येत नाही. त्यातून पाइपच्या भिंतीतला करंट आणि दोन्ही टोकांचे लॉस वजा करा. म्हणून दोघांच्या एफिशियन्सीचे आकडे नुसते शेजारी ठेवणं मला पटत नाही, एकाचा शाफ्टवरच्या टॉर्कवरून काढलेला असतो, दुसऱ्याचा थेट विजेच्या मीटरवरून.

ईएम पंपाचा प्रेशर-डिस्चार्जचा ग्राफही एक नसतो, प्रत्येक व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीला वेगळा. स्लिप फार वाढली की मोठ्या पंपात प्रवाह हेलकावे खायला लागतो, प्रेशर थरथरतं, म्हणून नुसता सरासरी आकडा बघून भागत नाही, थरथरही मोजावी लागते. अमेरिकेत मिनिटाला १६० घनमीटरचा ईएम पंप सोडियममध्ये चालवून झालाय, म्हणजे मोठा बनतच नाही हे म्हणणंही खरं नाही.

शेवटी लाइट जायची टेस्ट, आपल्याकडं ती रोजच होते म्हणा. भट्टीत मात्र मुद्दाम सप्लाय तोडून प्रवाह किती सेकंदात निम्म्यावर येतो ते मोजतात, कारण भट्टी बंद केली तरी इंधन लगेच थंड होत नाही. फिरणाऱ्या पंपाला फ्लायव्हील, म्हणजे जड चाक असतं, तो थोडा वेळ आपोआप फिरत राहतो. ईएम पंपात वीज गेली की ओढच संपते. म्हणून मेन लाइनवर तो लावायचा झाला तर सप्लायच्या बाजूला फ्लायव्हीलवालं जनरेटर बसवावं लागतं, आणि मग टेस्ट एकट्या पंपाची राहत नाही, त्या जनरेटरसकट करावी लागते.