देशमुख, गणपतराव
(१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१). शेतकरी कामगार पक्षाचे नेते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून ते ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले, आणि तेही प्रत्येक वेळी एकाच पक्षाकडून. महाराष्ट्रात इतक्या वेळा आमदार झालेले दुसरे कोणी नाही. तालुक्यात त्यांना सगळे ‘आबासाहेब’ म्हणत.

त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली केली. काँग्रेसपासून अलग झालेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी १९४७ मध्ये शेकाप उभा केला. पुढे हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. गणपतरावांनी मात्र लाल बावटा शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या कारकिर्दीचे मोल ११ या आकड्यापेक्षा या निष्ठेत अधिक आहे.

१९६२ मध्ये ते प्रथम आमदार झाले. एकूण १३ निवडणुकांपैकी ते फक्त दोन हरले. १९७२ मध्ये काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी त्यांचा पराभव केला; त्यांच्या निधनानंतर झालेल्या १९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतराव परत आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या १९२ मतांनी पडले आणि १९९९ मध्ये पुन्हा जिंकले. शेवटचा विजय २०१४ चा, वयाच्या ८८ व्या वर्षी. १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत ते मंत्री होते, पण त्यांची हयात गेली ती मुख्यत्वे विरोधी बाकांवर.

सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदीचे पात्र वर्षातला बराच काळ कोरडे असते. त्यामुळे इथले राजकारण पाण्याभोवतीच फिरते. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी १३ तालुक्यांना द्यावे, यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून मागणी लावून धरली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी पुढे सांगोल्यात आले, त्यामागे चिकाटीने केलेला हा पाठपुरावा होता. शेतकरी सहकारी सूतगिरणीही त्यांनीच उभी केली.

आमदार म्हणून ते एसटीने प्रवास करत. लाल गाडीत आमदारांसाठी राखीव आसन असते; ते प्रत्यक्षात वापरणारे लोकप्रतिनिधी म्हणून लोकांनी त्यांना लक्षात ठेवले. अर्ध्या शतकाच्या राजकारणानंतरही त्यांच्या साधेपणाबद्दल विरोधकही आदराने बोलत.

२०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत यांचा त्या वेळी शहाजीबापू पाटील यांच्याकडून ७६८ मतांनी पराभव झाला. सोलापुरात निधन झाल्यावर गणपतरावांवर सांगोल्यात सूतगिरणीच्या आवारात अंत्यसंस्कार झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब यांनी शेकापकडूनच ही जागा परत मिळवली.