मजेदबेबेची वाळू किती जुनी?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, काकाडू राष्ट्रीय उद्यानाने वेढलेल्या, मिरार या मूळ रहिवासी लोकांच्या भूमीत, वालुकाश्माच्या कड्याखाली मजेदबेबे नावाची एक कपार आहे. तिथे १९७३ साली पहिल्यांदा खणले गेले, मग १९८९ मध्ये. २०१२ आणि २०१५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ख्रिस क्लार्कसन यांच्या पथकाने मोठे उत्खनन केले आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये आकडा जाहीर झाला: सुमारे ६५,००० वर्षे. एवढ्या पूर्वी इथे माणूस राहत होता, असा त्याचा अर्थ. त्यावर सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा इतिहास फार जुना नसावा, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्का होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ जॉन मल्व्हेनी यांनी क्वीन्सलँडमधल्या केनिफ गुहेत खणले आणि माणूस इथे हिमयुगातच पोहोचला होता हे दाखवून दिले. १९६८ मध्ये भूवैज्ञानिक जिम बोलर यांना न्यू साउथ वेल्समधल्या मुंगो या कोरड्या सरोवराच्या काठी जळालेली मानवी हाडे दिसली. एका स्त्रीचे विधिवत दहन झाले होते. त्या अस्थी पुढच्या मोजणीत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या. म्हणजे काही दशकांत एका खंडाचा मानवी इतिहास कितीतरी पटींनी लांबला.

पुढे अडचण आली ती मोजण्याच्या साधनाची. सजीवांच्या अवशेषांतला किरणोत्सारी कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून वय काढतात. पन्नास हजार वर्षांनी मूळच्या चारशेव्या हिश्श्याहूनही कमी उरतो. तेवढ्यात आजच्या मुळांमधला किंवा पाण्यातला थोडासा कार्बन मिसळला, तरी फार जुनी वस्तू खूप तरुण भासते. त्यामुळे मजेदबेबेत कोळशापेक्षा वाळूवर भर द्यावा लागला.

वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणावर आजूबाजूच्या मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्साराचा सतत मारा होत असतो. त्याने सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांच्या जागी अडकून बसतात. उघड्या रांजणात थेंबाथेंबाने पाणी साचावे तसे ते साठत जातात आणि ऊन लागले की रांजण रिकामा होतो. कण मातीखाली गाडला गेला की साठवण नव्याने सुरू होते. प्रयोगशाळेत काळोखात त्या कणावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला, की तो साठ्याच्या प्रमाणात मंद उजेड सोडतो. त्यावरून एकूण मात्रा काढायची, तिला वर्षाला मिळणाऱ्या मात्रेने भागायचे. उत्तर येते ते शेवटचे ऊन पाहिल्याला किती वर्षे झाली याचे. मजेदबेबेसाठी कालमापनतज्ज्ञ झेनोबिया जेकब्स यांनी असे हजारो कण एकेक करून मोजले. नमुने घेतानाही त्यांना उजेड लागू द्यायचा नसतो.

हे सगळे वाळूचे वय झाले. शेजारच्या दगडी हत्याराचेही तेच, हे कशावरून? विरोधकांचा भर नेमका इथे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात वाळवीला तोटा नाही. ती माती वर आणते आणि जड दगड हळूहळू खाली सरकू शकतात. या शंकेपोटी संशोधकांनी तिथल्याच मातीत दगडाचे तुकडे ठेवून त्यावर माणसे चालवली आणि दगड किती हलतात ते मोजले. फारसे हलले नाहीत. मला हा प्रयोग आवडतो, पण तो काही मिनिटांचा पायदळी तुडवण्याचा आहे, हजारो वर्षांच्या वाळवीचा नाही.

दुसरा आक्षेप जनुकांमधून येतो, आणि तो जास्त अडचणीचा आहे. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांप्रमाणेच ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमध्येही निअँडरथल या नामशेष मानवजातीचा थोडा अंश आहे. २०२४ मधल्या अभ्यासांनुसार तो संकर साधारण ५०,००० वर्षांपूर्वी सुरू झाला. मग ६५,००० वर्षांपूर्वी मजेदबेबेत बसलेली माणसे आजच्या मूळ रहिवाशांचे मुख्य पूर्वज कशी असतील? एक तर त्या पहिल्या लोकांची जागा नंतरच्यांनी घेतली, नाही तर दोनांपैकी एक घड्याळ चुकते आहे. माझ्या मते ५०,००० वर्षांचा आकडा आज भक्कम धरायला हरकत नाही, त्यापलीकडची पंधरा हजार वर्षे उधारीवर आहेत.

वाद तारखेचा असला तरी सापडलेल्या वस्तू थोर आहेत. सर्वांत खालच्या दाट थरात दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्यांची धार घासून काढलेली. याशिवाय वाटण्याचे दगड, गेरूचे भरपूर तुकडे, अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे. चुलीतल्या जळक्या अवशेषांवरून २०२० मध्ये त्यांच्या आहाराचाही पत्ता लागला. त्यात कंद होते, फळे होती आणि पँडॅनसच्या कठीण कवचातले गर होते. हा आपल्या कोकणातल्या केवड्याचाच सगोत्र. कवच फोडून आतला गर काढणे मेहनतीचे काम आहे, म्हणजे ही माणसे इथल्या निसर्गात चाचपडत नव्हती.

हे उत्खनन मिरार लोकांशी करार करून झाले. काम कधीही थांबवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. कपार जाबिलुका या युरेनियम खाणीच्या भाडेपट्ट्याच्या हद्दीत येत होती आणि त्या खाणीविरुद्ध याच लोकांनी दीर्घ लढा दिला होता. उलट, पश्चिम ऑस्ट्रेलियात मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावून जूकन खोऱ्यातली कपार उडवली. तिथे ४६,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा होत्या. कायद्याने तशी परवानगीही होती.

तारखेचा निकाल बहुधा मजेदबेबेत लागणार नाही. त्याच वयाची दुसरी जागा हवी. हिमयुगात समुद्र खूप खाली होता आणि ऑस्ट्रेलिया न्यू गिनीला जोडलेला होता, तरी आशियाकडून येणाऱ्यांना खुला समुद्र ओलांडावाच लागला. ते जिथे उतरले तो किनारा आज पाण्याखाली आहे. २०२० मध्ये वायव्य किनाऱ्यावरच्या मुरुजुगाजवळ पाण्यात बुड्या मारणाऱ्या संशोधकांना समुद्रतळावर दगडी हत्यारे सापडली. ती निदान ७,००० वर्षांपूर्वीची मानली गेली. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर ६५,००० पर्यंत पोहोचायला अजून बऱ्याच बुड्या माराव्या लागतील.